वाचक विचारतात : बाटा नावाचा आयुष्यभराचा विक्रेता

गेल्या अंकात घरंदाज उद्योगांविषयीच्या एका उत्तरात थॉमस बाटा यांचा ओझरता उल्लेख आला होता. वडिलांनी स्थापन केलेल्या बूट कंपनीचे नाव जगभर नेण्यात या गृहस्थांचे अख्खे आयुष्य गेले आणि २००८ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, टोरांटो येथे त्यांचे निधन झाले, एवढाच तो मजकूर होता. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहून या वेळचे सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि काही प्रश्नांची भाषा थोडी आवरती घेतली आहे.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या बाटाचे बूट वापरतात. ही टाटांसारखीच एखादी भारतीय कंपनी असावी, अशी माझ्या वडिलांची पक्की समजूत होती. आता मुलगा म्हणतो, ती परदेशी आहे. खरे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे, तरी वडिलांची समजूतही अगदीच निराधार म्हणता येणार नाही. बाटा हे एका चेक कुटुंबाचे आडनाव आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकातील मोराविया प्रांतात झ्लीन नावाचे गाव आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या बूट शिवणाऱ्या घरातील टोमाश (थॉमस यांचे वडील), आन्ना आणि आंतोनिन या तीन भावंडांनी १८९४ मध्ये, म्हणजे तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असताना, आईकडून वारशाने आलेल्या थोड्या पैशांवर ही कंपनी काढली. लवकरच ती कर्जात बुडाली. चामडे विकत घ्यायला पैसा उरला नव्हता, तेव्हा टोमाश यांनी तळ तेवढा चामड्याचा ठेवून वरचा भाग कॅनव्हासचा शिवायला घेतला. अडचणीपोटी निघालेला तो हलका आणि स्वस्त जोड लोकांनी उचलून धरला, आणि त्याच्यावर कंपनी सावरली. पुढे १९०४ मध्ये टोमाश काही कामगारांना सोबत घेऊन अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या बुटांच्या गावी गेले, तेथील कारखान्यांत यंत्रावरचे काम पाहून शिकून आले आणि झ्लीनमध्ये त्याच पद्धतीने उत्पादन सुरू केले.

भारतात ही मंडळी १९३१ मध्ये आली. त्याच वर्षाच्या अखेरीस टोमाश स्वतः कंपनीच्या विमानाने पूर्वेकडच्या दौऱ्यावर निघाले होते आणि त्या दौऱ्यात कोलकाताही होते. पहिले काम कोलकात्याजवळच्या कोन्नगर येथे सुरू झाले आणि १९३४ पासून शहराच्या दक्षिणेला, हुगळीच्या काठी, कारखाना, कामगारांची घरे, शाळा, मैदान असे सगळे एका आखणीत बसवलेले बाटानगर उभे राहू लागले. १९७३ मध्ये कंपनीचे समभाग लोकांना खुले झाले आणि तिचे नाव बाटा इंडिया झाले. निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा मात्र मूळ समूहाकडेच राहिला. येथील कामगार, येथले चामडे, येथली दुकाने, असे असताना सांगलीतल्या माणसाने तिला आपली मानले यात नवल नाही. केनियातील लिमुरू या गावी बाटाचा जुना कारखाना आहे आणि लाहोरजवळ बाटापूर आहे. तेथील लोकांचाही असाच समज असल्याचे ऐकायला मिळते. हा समज व्हावा हीच कंपनीची इच्छा होती, आणि त्यामागे कोणाचे डोके होते हे पुढच्या उत्तरात येईलच.

प्रश्न : वडिलांनी कंपनी काढली, मुलाला ती आयती मिळाली. मग त्या मुलाचे कौतुक कशासाठी? श्रीमंताघरचा मुलगा गादीवर बसला, इतकेच ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रश्नातला खवचटपणा समजू शकतो, कारण वारसा हक्काने आलेल्या कर्तबगारीची उदाहरणे आपण भोवताली रोज पाहतो. परंतु या प्रकरणात गादीच जागेवर राहिली नव्हती.

थॉमस यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१४ चा, प्रागमधला. ते टोमाश यांचे एकुलते एक अपत्य होते. वडिलांनी त्यांना कोवळ्या वयातच कारखान्यात आणि मग दुकानात उमेदवारीला लावले. मालकाच्या मुलाने आधी जोड शिवावा, मग गिऱ्हाइकापुढे गुडघे टेकून तो त्याच्या पायात घालावा आणि त्यानंतर हिशेबाच्या वहीला हात लावावा, असा तो क्रम होता. १२ जुलै १९३२ च्या पहाटे टोमाश स्वित्झर्लंडला जायला निघाले. धुके दाट होते, तरी त्यांनी निघण्याचा आग्रह धरला असे सांगतात. झ्लीनजवळच्या ओत्रोकोवित्से विमानतळावरून उड्डाण केल्यानंतर काही क्षणांतच त्यांचे युंकर्स विमान कोसळले आणि वैमानिकासह ते मृत्युमुखी पडले. थॉमस तेव्हा सतरा वर्षांचे होते. कंपनीची सूत्रे टोमाश यांचे सावत्र बंधू यान आंतोनिन यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती जोमाने वाढवली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा देशात शिरल्या. त्या वर्षी थॉमस कॅनडात गेले. त्यांच्यामागोमाग सुमारे शंभर चेक कुटुंबे गेली, आणि ओंटारियो प्रांतात ट्रेंटनजवळ त्यांनी बाटावा नावाची वसाहत आणि कारखाना उभा केला. युद्धकाळात तेथे बुटांबरोबर लष्करी सामग्रीही बनली. युद्ध संपले, पण परत जाण्याची वाट मोकळी झाली नाही, कारण ऑक्टोबर १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने बाटांचे सर्व कारखाने राष्ट्राच्या मालकीचे केले. पूर्व युरोपातील इतर देशांमधली मालमत्ताही अशीच गेली. पुढे झ्लीन गावाचेच नाव बदलून कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष क्लेमेंट गोटवाल्ड यांच्यावरून गोटवाल्डोव ठेवण्यात आले आणि कारखान्यावर ‘स्वित’ ही नवी पाटी लागली. याच सुमारास कंपनीचा खरा मालक कोण, यावरून काका-पुतण्यात निरनिराळ्या देशांतील न्यायालयांत दावे चालू झाले. काका यान आंतोनिन ब्राझीलमध्ये जाऊन राहिले होते. हा वाद १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मिटला. भाऊबंदकी आपल्याकडचीच मक्तेदारी आहे असे मानणाऱ्यांनी ही कागदपत्रे जरूर चाळावीत.

तेव्हा १९४५ मध्ये तिशीतल्या थॉमस यांच्या हाती काय होते ते पाहा. घराण्याचे गाव गेलेले, मुख्य कारखाना गेलेला, मालकी वादात अडकलेली. शिल्लक होती ती इंग्लंड, कॅनडा, भारत आणि आफ्रिका-आशियातील इतर देशांत विखुरलेली दुकाने व कारखाने, आणि त्यांच्या दर्शनी भागावरची लाल अक्षरांतली चार-पाच इंचांपासून चार-पाच फुटांपर्यंतची पाटी. माझ्या मते थॉमस यांना मिळालेला वारसा म्हणजे ती पाटी. पुढची साठ वर्षे त्यांनी तिची राखण केली आणि जाहिरात केली. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांत त्यांचे धोरण साधे होते. व्यवस्थापक शक्य तितके स्थानिक नेमायचे, माल त्याच देशात बनवायचा, भाव तेथल्या खिशाला परवडतील असे ठेवायचे आणि सरकार कोणत्याही रंगाचे येवो, दुकान उघडे ठेवायचे. सांगलीच्या वाचकांच्या वडिलांना बाटा भारतीय वाटली ती या धोरणामुळे.

वर्षातला बराच काळ ते प्रवासात असत. एखाद्या देशात उतरले की दुकानांची फेरी ठरलेली असे. उतारवयातही ते स्वतःची ओळख कंपनीचा प्रमुख अशी न देता बुटांचा विक्रेता अशी देत. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मुख्यालय टोरांटोला आणले आणि १९८४ मध्ये मुलाकडे सूत्रे दिली, पण दौरे थांबवले नाहीत.

डिसेंबर १९८९ मध्ये, प्रागमधली कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर काही आठवड्यांत, थॉमस आपल्या गावी परतले. पन्नास वर्षे गावाबाहेर काढलेल्या, वयाची पंचाहत्तरी गाठलेल्या या माणसाला पाहायला हजारो लोक चौकात जमले होते. अधिकृत पाट्यांवर तोपर्यंत गोटवाल्डोव हेच नाव होते. झ्लीन हे नाव १ जानेवारी १९९० पासून पुन्हा लागू झाले. कारखाना मात्र त्यांना परत मिळाला नाही. मालमत्ता परत देण्याचे कायदे फेब्रुवारी १९४८ नंतरच्या जप्त्यांपुरते होते आणि बाटांची जप्ती त्याच्या आधीची होती. त्यांनी कज्जे-खटल्यांत उरलेले दिवस न घालवता त्या देशात पुन्हा दुकाने उघडली. हे शहाणपण मला त्यांच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठे वाटते.

प्रश्न : आमच्या लहानपणी बाटाच्या दुकानातल्या किमती नेहमी ९९ रुपये ९५ पैसे अशा असत. पाच पैसे परत कधी मिळाले ते आठवत नाही! ही युक्ती त्यांचीच का? आणि त्या काळी ते जाहिरात कशी करत? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : नऊवर संपणाऱ्या किमती जगात बाटांच्या आधीही होत्या. मात्र मध्य युरोपात त्या रुजवल्या बाटांनी. चेक लोक अशा किमतीला आजही बाटांचे नाव देतात. परंतु किमतीच्या शेपटीपेक्षा किंमत हेच त्यांचे जाहिरातीचे मुख्य शस्त्र होते आणि त्याचा सर्वांत धाडसी वापर टोमाश यांनी १९२२ मध्ये केला. पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाचे चलन वधारले, निर्यात बसली, गोदामे भरून पडली आणि इतर कारखानदार सरकारकडे मदत मागू लागले. अशा वेळी टोमाश यांनी १ सप्टेंबरपासून बुटांच्या किमती निम्म्यावर आणल्याचे जाहीर केले. भिंतींवर भित्तिपत्रके लागली. त्यांत महागाई हा शब्द चिरडून टाकणारी एक भली मोठी मूठ होती. या निर्णयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कामगारांची मजुरी ४० टक्क्यांनी कमी झाली, आणि त्या बदल्यात कंपनीने त्यांना धान्य, कपडे अशा गरजेच्या वस्तू निम्म्या दरात पुरवल्या. गोदामे रिकामी झाली आणि देशातील कित्येक प्रतिस्पर्धी त्या लाटेत टिकले नाहीत.

‘आमचे गिऱ्हाईक, आमचा धनी’ हे त्यांचे घोषवाक्य होते आणि दुकानाची रचना त्याला धरून असे. झ्लीनच्या काळातल्या दुकानांत बूट दुरुस्तीची सोय तर होतीच, पण पायाची निगा राखणारा, नखे आणि घट्टे काढून देणारा माणूसही असे. आपल्याकडच्या बाटाच्या जुन्या दुकानांत हे शेवटचे आले नाही, परंतु बाकीचा विधी तुम्हाला आठवत असेल. बुटका स्टूल, त्याच्या पुढच्या अंगाला पाय ठेवायला उतरती फळी, मागे-पुढे सरकणारी मापाची पट्टी, विक्रेत्याने अंगठ्याने बुटाचे टोक दाबून ‘अजून थोडी जागा आहे, वर्षभर जाईल’ असे आईकडे पाहत म्हणणे, मग आतल्या बाजूला क्रमांक ओरडून सांगणे आणि पाठोपाठ खोके येणे. मुलाला आवडले की नाही हे विचारण्याची पद्धत नव्हती. या सगळ्यासाठी वर्तमानपत्रात एक ओळही छापावी लागत नसे, तरी ती जाहिरातच होती.

छापील जाहिरातीत कंपनी मागे होती असे मात्र नाही. भारतात १९३८ च्या सुमारास निघालेली तिची एक जाहिरात धनुर्वातापासून सावध राहायला सांगे. बारीकशी जखमही जिवावर बेतू शकते, तेव्हा बूट घाला, असा तिचा आशय होता. जेथे बहुसंख्य लोक अनवाणी चालत होते, तेथे आमचा जोड दुसऱ्याच्या जोडापेक्षा चांगला असे सांगून उपयोग नव्हता, मुळात जोड का घ्यावा हे सांगावे लागत होते. पुढे ‘आधी बाटा, मग शाळा’ अशा अर्थाची घोषणा आली आणि जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानांपुढे पालकांची रीघ लागणे हा आपल्या शहरांतला एक वार्षिक सोहळाच झाला.

चित्रपटाच्या माध्यमातही ही मंडळी फार लवकर उतरली. १९३० च्या दशकातच झ्लीनमध्ये कंपनीचा स्वतःचा चित्रपट विभाग होता आणि पुढे टेकडीवर पूर्ण स्टुडिओ उभा राहिला. कारेल झेमान या चेक दिग्दर्शकाचे नाव जगभरचे चित्रपटरसिक जाणतात. हे गृहस्थ आधी बाटाच्या दुकानांच्या काचेच्या खिडक्या सजवत असत, आणि तेथील त्यांचे कसब पाहूनच त्यांना स्टुडिओत बोलावणे आले. बुटांच्या जाहिरातीसाठी बांधलेल्या त्या जागेतून पुढे चेक सचेतपटांची (ॲनिमेशनपटांची) एक मोठी परंपरा निघाली, ही गोष्ट बाटांच्या हिशेबवहीत कोठेच नोंदली गेली नसेल.

प्रश्न : एका व्याख्यानात ऐकले की बाटाने आफ्रिकेत दोन विक्रेते पाठवले. एकाने कळवले, ‘येथे कोणी बूट घालत नाही, परत येतो.’ दुसऱ्याने कळवले, ‘येथे कोणी बूट घालत नाही, भरपूर माल पाठवा.’ हे खरे घडले का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ही कथा कोणत्याही एका कंपनीची नाही. व्याख्याता बदलला की कंपनी बदलते आणि कधी कधी खंडही बदलतो. व्यवस्थापनाच्या वर्गात ती खपते, कारण ती आशावादाचा धडा देते. पण बाटांच्या कामाची ओळख तिच्यातून होत नाही. नुसता माल पाठवून अनवाणी माणूस गिऱ्हाईक होत नाही. बाटांनी त्यासाठी रबराच्या तळाचा स्वस्त कॅनव्हास बूट त्या त्या देशात बनवायला घेतला, बाजाराच्या गावापर्यंत दुकान नेले आणि मगच धनुर्वाताची भीती घातली. हा क्रम तारेच्या दोन ओळींत मावणारा नाही, म्हणून त्याची कथा झाली नसावी.

प्रश्न : बाटामुळे आपल्याकडच्या चर्मकारांचा धंदा बसला, असे माझे आजोबा म्हणत. आपले मत काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आजोबांचे म्हणणे अर्धे तरी खरे आहे. कारखान्यात बनलेला कॅनव्हासचा बूट आणि नंतरची रबरी चप्पल यांनी रोजच्या वापराच्या स्वस्त पायताणाचा बाजार हातकाम करणाऱ्यांकडून मोठ्या प्रमाणावर काढून घेतला. दोष एकट्या बाटाचा नव्हता. १९३० च्या दशकात जपानी रबरी बुटांची आयात जोरात होती आणि पुढे देशी कारखानेही निघाले. करोना हे मुंबईच्या बूट कंपनीचे नाव जुन्या वाचकांना आठवत असेल. परंतु ज्याच्या हातात हे काम होते, त्या समाजाला जातिव्यवस्थेने भांडवलापासून, शिक्षणापासून आणि बाजारपेठेतल्या मानाच्या जागेपासून दूर ठेवले होते, हे विसरून सगळा दोष यंत्रावर टाकणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. झ्लीनमध्येही बाटा घराणे पिढ्यान्‌पिढ्या बूटच शिवत होते. त्या घरातला मुलगा आपले आडनाव पाटीवर लावून दुकान थाटू शकला आणि पुढे १९२३ मध्ये गावाचा महापौरही झाला. त्याच काळात आपल्याकडच्या तितक्याच कसबी कारागिराला हे शक्य होते का, असा प्रश्न विचारून पाहावा.

कोल्हापुरी चप्पल टिकली, कारण तिची जागा कारखान्याला घेता आली नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे. त्याआधी, १९७४ मध्ये, चर्मोद्योगासाठी राज्य शासनाने महामंडळ स्थापन केले होते, ते आज संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. तरीही कोल्हापुरी जोडावर गावाचे नाव असते, शिवणाऱ्याचे नसते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मांडल्या आणि आरंभी त्यांचा उगम सांगितला नाही, तेव्हा आपल्याकडे मोठी ओरड झाली. ती रास्तच होती आणि कंपनीला मूळ प्रेरणा मान्य करावी लागली. प्राडा हेही एका घराण्याचेच आडनाव आहे. आडनाव विकण्याची ही ताकद चपलेच्या कारागिराच्या घराला कशी मिळेल, यावर मात्र त्या ओरडीत फारसे कोणी बोलले नाही. काही तरुण कारागीर आता आपल्या घराच्या नावाने माल विकू लागले आहेत. कोल्हापूरच्या वाचकांनी खरेदी करताना जोड कोणी शिवला हे दुकानदाराला आवर्जून विचारावे, असे सुचवतो.

प्रश्न : बाटाच्या कामगार-वसाहतींचे एवढे कौतुक होते. पण कामगारांना खरोखर चांगले वागवले जाई का? (एक निवृत्त कामगार, ठाणे)

उत्तर : घरे चांगली होती, शिस्त कडक होती आणि मालकाचा डोळा सगळीकडे होता. टोमाश यांनी १९२४ पासून प्रत्येक विभागाला स्वतंत्र हिशेब आणि नफ्यात वाटा देण्याची पद्धत आणली. त्या काळात ती पुढारलेली होती, पण नुकसानीची झळही त्याच विभागाला लागे. लाल विटांची बागेसह छोटी घरे स्वस्त भाड्याने मिळत, आणि नोकरी गेली की घरही जाई. मालकच महापौर असलेल्या गावात कामगार संघटनेला किती वाव असेल हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. बाटानगरातही संप आणि टाळेबंदी दोन्ही होऊन गेली आहेत.

मालकाचा डोळा म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर झ्लीनमधील १९३८ ची एकवीस क्रमांकाची इमारत पाहावी. साडेसत्याहत्तर मीटर उंचीच्या त्या इमारतीत यान आंतोनिन बाटा यांनी आपले कार्यालय उद्वाहनात (लिफ्टमध्ये) बसवले. सहा मीटर लांब-रुंद अशी ती खोली, त्यात टेबल, दूरध्वनी आणि हात धुण्याचे पात्रही. साहेबाला माणसे बोलावण्याची गरज नाही, खोलीच हव्या त्या मजल्यावर जाई. पुढच्याच वर्षी देश सोडावा लागल्याने त्यांना तिचा उपभोग घेता आला नाही.

या कंपनीतली माणसे सगळी एका साच्याची नव्हती, हेही जाता जाता नोंदवतो. १९७१ मध्ये ढाक्याजवळच्या टोंगी येथील बाटा कारखान्याचे प्रमुख असलेले डच-ऑस्ट्रेलियन गृहस्थ विल्यम औडरलँड यांनी मुक्तिवाहिनीला गुप्तपणे मदत केली. परदेशी व्यवस्थापक म्हणून पाकिस्तानी अधिकाऱ्यांमध्ये त्यांना मोकळा वावर होता, त्याचा त्यांनी असा उपयोग केला. बांगलादेशाने त्यांना ‘बीर प्रतीक’ हा शौर्यसन्मान दिला; तो मिळवणारे ते एकमेव परदेशी आहेत.

प्रश्न : आम्ही उन्हाळ्यात मुलीकडे टोरांटोला जाणार आहोत. तेथे बाटांचे बुटांचे संग्रहालय आहे म्हणतात. नुसत्या चपला-बूट पाहायला पैसे खर्चून जावे का? की ती कंपनीचीच जाहिरात आहे? (एक दांपत्य, डोंबिवली)

उत्तर : जरूर जावे. ते संग्रहालय थॉमस यांच्या पत्नी सोन्या बाटा यांचे काम आहे. त्या मूळच्या झुरिकच्या आणि वास्तुकलेच्या विद्यार्थिनी. १९४६ मध्ये लग्न झाले आणि शिक्षण अर्धे राहिले. नवऱ्याबरोबर देशोदेशी हिंडताना त्या तेथल्या पारंपरिक पादत्राणांचे जोड जमवू लागल्या. घराण्याचा धंदा ज्या स्थानिक पादत्राणांची जागा घेत चालला होता, तीच या बाई जपून ठेवत होत्या, यातला विरोध त्यांच्याही लक्षात आला असणार. संग्रह इतका वाढला की १९७९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र न्यास करावा लागला, आणि मे १९९५ मध्ये ब्लूअर स्ट्रीटवर आजची इमारत खुली झाली. वास्तुकार रेमंड मोरियामा यांनी ती झाकण तिरके ठेवलेल्या बुटांच्या खोक्याच्या आकाराची बांधली आहे. सोन्या बाटा २०१८ मध्ये वारल्या. बाटावामधला कारखाना २००० मध्ये बंद झाल्यानंतर ती वसाहत विकत घेऊन नव्याने वसवण्याचे कामही त्यांनी ऐंशीच्या घरात असताना हाती घेतले होते.

आत कंपनीची जाहिरात जवळपास नाही. व्हिक्टोरिया राणीची नाजूक सपाता, नेपोलियनचे मोजे, चिनी स्त्रियांच्या बांधलेल्या पायांचे बोटभर जोड, आपल्याकडच्या खडावा, असे पुष्कळ काही आहे. माझे मत विचाराल तर फ्रान्समधल्या शेतकऱ्यांचे लाकडी जोडे चुकवू नका. त्यांच्या तळाला लांबलचक लोखंडी खिळे असतात, आणि ते पायात घालून चेस्टनटच्या ढिगावर नाचत साली काढत. हैदराबादचे निजाम सिकंदर जाह यांचे रत्नजडित जोडेही याच संग्रहात आहेत. २००६ च्या जानेवारीत ते चोरीला गेले होते आणि नंतर परत मिळाले. दोन तास हाताशी ठेवा. सेंट जॉर्ज या भुयारी रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की संग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा गुडघ्यांना त्रास होण्याचे कारण नाही.